दिवा महापालिकेचा, गस्त पोलिसांची; मग बाग कोणाची?

नाशिकच्या एका जुन्या वसाहतीतून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचं आणि वसाहतीचं नाव मुद्दाम देत नाही. पत्र थोडं आटोपशीर केलं आहे.

“आमच्या घरासमोर लहानशी बाग आहे. पावसाळ्यापासून बागेच्या कोपऱ्यावरचे दोन दिवे बंद आहेत. अंधार पडला की तिथे पोरं जमतात, बाटल्या फुटतात, क्लासहून येणाऱ्या मुलींवर शेरे मारले जातात. गेल्या महिन्यात एका रात्रीत आमच्या ओळीतल्या सहा गाड्यांच्या सीट फाडल्या, आरसे फोडले. पोलीस चौकीत गेलो तर म्हणाले, आधी दिवे लावून घ्या. दिव्यांची तक्रार करायला गेलो तर म्हणाले, दिवे पोरंच फोडतात, आधी पोलिसांना सांगा. नगरसेवक म्हणाले, ‘मी साहेबांना फोन केलाय.’ चार दिवस गाडी फिरली, मग पुन्हा तेच. आता सोसायटीतले तरुण म्हणतात, आपणच काठ्या घेऊन गस्त घालू. माझा भाचा स्कॉटलंडमध्ये असतो. तो सांगतो, तिथे पोलीस अधिकारी नगर परिषदेसमोर येऊन भागातल्या गुन्ह्यांचा हिशेब देतात. आपल्याकडे महापालिकेला पोलिसांना असं विचारता येत नाही का? की हे माझं खूळ आहे? आणि अजून एक. त्या पोरांतला एक माझा विद्यार्थी आहे. चौथीत माझ्या वर्गात होता, आता सतरा वर्षांचा असेल. त्याचं नाव पोलिसांना द्यावं का? या विचाराने झोप लागत नाही.”

ताई,

खूळ मुळीच नाही. आपल्या गल्लीत पोलीस किती वेळा येतात, आले की काय करतात, हे विचारायला घरपट्टी भरणाऱ्या माणसाला एक उघडी जागा असायलाच हवी. ती जागा कुणाच्या मोबाइलमध्ये असू नये. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काय बोचलं असेल तर ते बाटल्या नाहीत आणि फाटलेल्या सीटही नाहीत. तो ‘साहेबांना केलेला फोन’ बोचला. त्याच्याकडे येतेच.

आधी तुमच्या भाच्याचं. तो सांगतो ते खरं आहे. स्कॉटलंडमध्ये पूर्वी आठ वेगवेगळी पोलीस दलं होती. १ एप्रिल २०१३ पासून ती एकत्र करून एकच दल केलं. पण ज्या कायद्याने हे झालं, त्या २०१२ च्या कायद्यातच लिहिलं आहे की प्रत्येक नगर परिषदेच्या हद्दीसाठी तिथल्या पोलीस प्रमुखाने स्थानिक आराखडा करायचा, तो परिषदेपुढे मंजुरीला ठेवायचा, आणि परिषदेने त्या भागातल्या कामाबद्दल वाजवी माहिती मागितली तर ती द्यायची. अशा बत्तीस परिषदा तिथे आहेत. मात्र एक गोष्ट भाच्याला पुन्हा विचारून घ्या. तिथलाही नगरसेवक ‘अमक्याला उचला, तमक्याला सोडा’ असं सांगू शकत नाही. तपास पोलिसांचा, प्रश्न परिषदेचे. ही रेघ तिथे जपली जाते आणि आपल्याकडे नेमकी तीच पुसट होते.

आपल्याकडची मांडणी वेगळी आहे. पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे दोन्ही विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्याकडे दिलेले आहेत. ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आली, त्यात शहरांच्या स्थानिक संस्थांकडे सोपवता येतील असे १८ विषय आहेत. पोलीस त्यात नाहीत. नाशिकचे पोलीस आयुक्त राज्याच्या गृह विभागाला उत्तर देतात, महापौरांना नाही. महासभेने एकमताने ठराव केला तरी तो पोलिसांवर बंधनकारक होत नाही. म्हणून तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं की स्कॉटलंडसारखा हक्क आपल्या महापालिकेला आज नाही.

पण त्याच अठरा विषयांच्या यादीत पथदिवे आहेत. बागा आणि क्रीडांगणं आहेत. वाहनतळ, बसथांबे, सार्वजनिक स्वच्छतागृहं आहेत. म्हणजे तुमच्या बागेतला अंधार हा पूर्णपणे महापालिकेचा विषय आहे. रस्त्यावर दिवे लावणं हे तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात बंधनकारक कामांमध्येच घातलेलं आहे. ‘पोरं फोडतात’ हे कारण सांगून त्यातून सुटता येत नाही. फुटत असतील तर जाळीचं आवरण लावा, खांब उंच घ्या, पण दिवा लागलाच पाहिजे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९८ च्या कायद्याने स्थानिक परिषदांवर एक सुरेख बंधन घातलं आहे: आपलं कोणतंही काम करताना त्याचा गुन्हेगारीवर काय परिणाम होईल, याचा विचार करायचा. असं वाक्य आपल्या कायद्यात असतं तर मी ते प्रत्येक विभागीय कार्यालयाच्या दारावर रंगवून घेतलं असतं.

तेव्हा पहिलं काम बागेपासून सुरू करा. दोघी-तिघी मिळून रात्री आठच्या सुमारास जा आणि नुसतं बघून या. कुठल्या खांबावरचा दिवा बंद आहे, खांबाला क्रमांक असेल तर तो. कुंपणाची मेंदी किती वाढली आहे. ती छातीपर्यंत गेली असेल तर रस्त्यावरून जाणाऱ्या गस्तीच्या गाडीला आतलं बाकडं दिसतच नाही, मग गाडी कितीही फिरली तरी काय उपयोग? फाटकाला कुलूप कधी लागतं, किल्ली कुणाकडे असते. ज्या बाकड्यावर बैठक जमते ते भिंतीला लागून कोपऱ्यात आहे का; असेल तर ते उचलून फाटकाजवळ, उजेडात आणायला किती खर्च येणार आहे? हे सगळं तारखेसह एका कागदावर लिहा. दिव्यांसाठी विद्युत विभाग, मेंदी आणि फाटकासाठी उद्यान विभाग अशा दोन वेगळ्या तक्रारी करा. एकाच अर्जात घातलं की तो अर्ज दोन टेबलांच्या मधे पडून राहतो. महापालिकेच्या ॲपवर तक्रार नोंदवली तरी कागदी अर्जाची पोच घ्याच. वसाहतीत वर्गणी काढून कॅमेरे बसवायचा विषय कुणी काढेल, तेव्हा सांगा की आधी दिवे. अंधारात बसवलेल्या कॅमेऱ्यात सावल्यांपलीकडे फारसं काही सापडत नाही.

आता तो फोन.

नगरसेवकांनी साहेबांना फोन केला, चार दिवस गाडी फिरली, पाचव्या दिवशी बंद झाली. त्या फोनची कुठेच नोंद नाही. साहेबांची बदली झाली की फोनही गेला, आणि नव्या साहेबांना तुमची बाग माहीतच नसते. शिवाय ज्या फोनने गाडी येते, त्याच फोनने गाडी परतही जाऊ शकते. आज तुमच्यासाठी ‘जरा बघा’ म्हणणारा माणूस उद्या त्या पोरांपैकी कुणाच्या काकाच्या शब्दाखातर ‘जरा सांभाळून घ्या’ म्हणू शकतो. तुम्हाला ना पहिला फोन ऐकू येतो, ना दुसरा. तुमच्या नगरसेवकांबद्दल मला वाईट काही सुचवायचं नाही, त्यांनी मनापासून मदत केली असेल. पण पोलीस आणि लोकप्रतिनिधी यांच्यातलं बोलणं बंद दाराआड असतं तोवर तुम्ही ज्याला हिशेब म्हणता तो होतच नाही. तिथे वशिला चालतो. तुमच्या नगरसेवकांकडून फोन मागू नका, पत्र मागा. आणि ते पत्र प्रभाग समितीत मांडायला लावा.

आपल्या शहरात महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक म्हणजे सिडको, आणि सातपूर. प्रत्येकाची प्रभाग समिती. तिथे त्या विभागातले नगरसेवक बसतात, विभागीय अधिकारी असतात, बांधकाम, विद्युत, उद्यान, आरोग्य या खात्यांची माणसं असतात. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि मग जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकाचाच कारभार होता. जवळजवळ चार वर्षं प्रश्न विचारायला माणूसच नव्हता, म्हणून आपल्यालाही सवय मोडली. २०१७ च्या रचनेत ३१ प्रभागांत १२२ नगरसेवक होते, म्हणजे बहुतेक प्रभागांत चौघं. या चौघांचा फायदा करून घ्या, नाहीतर ‘तो भाग माझ्याकडे नाही’ हे वाक्य चौघांकडून ऐकाल. पत्र चौघांच्याही नावाने एकच द्या, आणि कुणाकुणाला दिलं ते त्यावरच लिहा.

प्रभाग समितीच्या बैठकीला पोलिसांनी यायलाच हवं असा नियम नाही. पण निमंत्रण देण्यापासून समितीला कुणीही अडवलेलं नाही. आणि एकत्र बसायची सवय आपल्याला नवी थोडीच आहे? गणेशोत्सव जवळ आला की शांतता समितीच्या बैठका होतात. पोलीस निरीक्षक, महापालिकेची माणसं, वीज कंपनीची माणसं, मंडळांचे कार्यकर्ते एका सभागृहात बसतात. लोंबकळणाऱ्या तारा, मिरवणुकीच्या वाटेवरचे खड्डे, बंद दिवे, सगळं तासाभरात निघतं आणि बरंचसं मार्गीही लागतं. विसर्जन झालं की ती खुर्च्यांची रांग मोडते ती पुढच्या वर्षापर्यंत. माझं म्हणणं एवढंच आहे की ती रांग दर दोन-तीन महिन्यांनी एकदा मांडावी, मिरवणूक असो वा नसो. आता २०२७ चा कुंभमेळा येतो आहे. रामकुंड, तपोवन, त्र्यंबक रस्ता यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष राहणार, मनुष्यबळही तिकडेच जाणार, आणि ते साहजिक आहे. तुमच्या बागेसारखे कोपरे अशा वेळी ‘कुंभानंतर बघू’ म्हणून मागे पडतात. म्हणून आत्ताच विचारायला हवं.

हे भाबडं वाटत असेल तर भिवंडी आठवा. १९८४ च्या भीषण दंगलीनंतर, १९८८ च्या सुमारास तिथले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. पुढाऱ्यांना बाजूला ठेवून साधी माणसं घेतली आणि त्यांच्यासोबत नियमित बसणारा पोलीस नेमला. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्या कमिट्यांना पोलिसांवर हुकूम चालवायचा अधिकार नव्हताच. ओळख होती, ठरलेला वार होता आणि तोंडावर विचारायची मुभा होती.

बैठकीत काय विचारायचं, हे मात्र नीट ठरवून जा. ‘गुन्हेगारी वाढली आहे, पोलीस काय करतात?’ असं विचारलंत तर ‘कारवाई सुरू आहे’ हे उत्तर तयार असतं. मोजता येईल असं विचारा. गेल्या सहा महिन्यांत या बागेच्या परिसरातून पोलीस मदतीच्या ११२ क्रमांकावर किती फोन आले? त्यांतल्या किती वेळा गाडी आली आणि किती मिनिटांनी? गुन्हे किती दाखल झाले, अदखलपात्र नोंदी (म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस ज्यांचा तपास करू शकत नाहीत त्या) किती, आणि ‘गहाळ’ म्हणून किती नोंदवलं गेलं?

या शेवटच्या शब्दावर मी थोडी थांबते, कारण तो माझ्या घरात घडलेला आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या सासूबाईंची पर्स बसथांब्यावर एका मोटारसायकलवाल्याने हिसकावली. आत मोबाइल, बाराशे रुपये, औषधांची चिठ्ठी आणि चष्मा. आम्ही ठाण्यात गेलो. समोरच्या हवालदारांनी अतिशय आपुलकीने वागवलं, बसायला खुर्ची दिली, पाणी आणून दिलं. कागद लिहून झाल्यावर सही मागितली. चष्मा पर्समध्येच गेलेला, म्हणून सासूबाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. निळ्या शाईत, सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘प्रवासात मोबाइल गहाळ झाला.’ मी म्हटलं, गहाळ नाही हो, हिसकावून नेला. ते म्हणाले, “ताई, नवीन सिमकार्डसाठी एवढं पुरतं. गुन्हा दाखल केला तर कोर्टाच्या चकरा. आजींना झेपणार आहे का?” सूर काळजीचाच होता. सासूबाई थकल्या होत्या, मलाही घरी जायचं होतं. आम्ही सही केली. त्या सहीचं मला आजही वाईट वाटतं. कारण त्या महिन्याच्या नोंदीप्रमाणे त्या बसथांब्यावर काहीच घडलं नव्हतं. नोंद नाही म्हणजे तिथे गस्त वाढवायचं कारण नाही. आमच्यानंतर तिथे उभ्या राहिलेल्या बाईला आमच्या सहीने उघड्यावर सोडलं.

म्हणून तुमच्या ओळीतल्या सहा गाडीवाल्यांना विचारा, तुम्ही काय लिहून दिलंत आणि तुमच्या हातात काय कागद आहे? तोंडी सांगून आले असतील तर कागदोपत्री तुमच्या गल्लीत त्या रात्री शांतता होती. आजही लेखी तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, हद्द कुठलीही असो, आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य द्यावी लागते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच तक्रार लेखी स्वरूपात टपालाने वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवता येते, म्हणजे आपल्याकडे तुमच्या परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तपास कुठवर आला हे तक्रारदाराला नव्वद दिवसांच्या आत कळवायचं, असंही याच कायद्याने सांगितलं आहे. मुलींवर मारलेले शेरे ‘पोरांची टवाळी’ म्हणून सोडायचे नसतात, तो दखलपात्र गुन्हा आहे. त्या क्षणी चौकीतल्या ओळखीच्या शिपायाला फोन न करता ११२ लावा. तिथे फोनची वेळ आणि ठिकाण नोंदलं जातं. पुढे बैठकीत आकडा विचाराल तेव्हा तुमचे हेच फोन त्यात मोजलेले असतील.

बैठकीत आकडे मिळाले नाहीत तर माहिती अधिकार आहेच. अर्जाला दहा रुपयांचं शुल्क, उत्तराला तीस दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांपर्यंत मजकूर घालायचा असतो, तेव्हा पोलिसांकडचा अर्ज वेगळा आणि दिव्यांचा वेगळा. चालू तपासातले तपशील मागू नका, ते नाकारले जातात. संख्या मागा. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्रकाश सिंह खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निकालानंतर प्राधिकरणांची तरतूद झाली आहे, महाराष्ट्राने ती २०१४ मध्ये कायद्यात घेतली, हे कुणीतरी तुम्हाला सांगेल. ती वाट कोठडीतला मृत्यू, बेकायदा अटक, खंडणी अशा गंभीर गैरवर्तनासाठी आहे. गस्त येत नाही म्हणून तिकडे जाऊ नका.

आणखी एक बाजू सांगते, कारण नाशिककरांना ती ताजी आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात पोलिसांनी गुंडांविरुद्ध मोहीम उघडली. ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ ही घोषणा घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. त्या कारवाईत राजकीय पक्षांत वावरणारी माणसंही अडकली. शहराला हायसं वाटलं, मलाही वाटलं. पण संशयितांना कॅमेऱ्यासमोर उभं करून घोषणा म्हणायला लावणं मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. दोष ठरवायचा तो न्यायालयाने. त्या मोहिमेतून आपल्या प्रश्नासाठी दोन गोष्टी कळतात. लोकप्रतिनिधी म्हणवणारे सगळेच प्रश्न विचारायच्या बाजूला नसतात, काहींनाच प्रश्न विचारावे लागतात. म्हणून पोलिसांवर नगरसेवकांचा हुकूम चालावा असं मला मुळीच वाटत नाही. त्यांनी उघड्या बैठकीत, इतिवृत्तात नोंद होईल असं विचारावं, एवढंच हवं. दुसरं, मोहीम मोठ्या नावांच्या मागे जाते. तुमच्या बागेला आठवड्यातून तीन-चार रात्री, नऊ ते अकराच्या दरम्यान, दोन बीट मार्शल, म्हणजे ठरलेल्या भागात गस्त घालणारे पोलीस, मोटारसायकल थांबवून आत चक्कर मारून गेले तरी पुष्कळ.

काठ्या घेऊन गस्त घालायला निघालेल्या तरुणांना कृपा करून थांबवा. त्यांचा राग खरा आहे, पण अंधारात काठी कुणावर पडेल हे त्यांनाही ठाऊक नसतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. अफवा मोबाइलवरून फिरली होती. तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘हीच ती पोरं’ म्हणून फोटो फिरत असतील तर ते आजच काढायला लावा. त्यातली पोरं अठराच्या आतली असतील आणि प्रकरण पोलिसांत गेलेलं असेल, तर त्यांची ओळख उघड करणं हाच गुन्हा होतो. आणि अर्जात ‘बाहेरून आलेले’, ‘झोपडपट्टीतले’ असले शब्द येऊ देऊ नका. तुमच्याच पत्रावरून दिसतं की त्यातला निदान एक तरी तुमच्या गल्लीतला, तुमच्या वर्गातला आहे.

त्या मुलाचं. ताई, तुम्हाला झोप येत नाही हे वाचून मला तुमच्याबद्दल फार आदर वाटला.

स्वतःला आधी एक विचारा: गाड्या फोडताना तो तुम्हाला दिसला का, की बागेत बसलेला दिसतो? पत्रात तुम्ही ‘त्या पोरांतला एक’ एवढंच लिहिलं आहे. बसलेला दिसला असेल तर तुम्हाला तेवढंच माहीत आहे, आणि तेवढ्यावरून नाव द्यायचं कारण नाही. वसाहतीच्या अर्जात कुणाचंच नाव घालू नका. जागा, वेळ, काय घडलं, एवढं लिहा. नावं शोधणं हे तपासाचं काम. पण त्याला तोडफोड करताना तुम्ही स्वतः पाहिलं असेल आणि पोलिसांनी तुम्हाला विचारलं, तर खरं ते सांगा. लपवलंत तर ज्या प्रामाणिकपणासाठी त्या गल्लीत तुम्हाला ‘बाई’ म्हणतात तो जाईल. नाव गेलं म्हणजे पोराचं आयुष्य संपलं, असंही नाही. तो अठराच्या आतला आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाईल, ठाण्यात अशा मुलांसाठी बालकल्याण पोलीस अधिकारी असतो. त्याला बेड्या घालून नेता येत नाही, कोठडीत ठेवता येत नाही. आणि अशा पोरांना पुढे करून मागून कामं करून घेणाऱ्या प्रौढांसाठी याच कायद्यात सात वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीची तरतूद आहे. बागेत त्यांच्यात तिशीचा कुणी येऊन बसतो का, बाटल्या कोण आणून देतं, हे तुम्ही गॅलरीतून पाहिलं असेल तर पोलिसांना ते आवर्जून सांगा. माझ्या मते पोलिसांना सगळ्यात जास्त उपयोगी पडेल अशी माहिती हीच आहे.

पण या सगळ्याच्या आधी त्याच्या आईला भेटा. रविवारी सकाळी जा; संध्याकाळी दारात बघणारे फार असतात. तक्रार घेऊन आले आहे असं दाखवू नका, कारण तुम्ही तशा जातच नाही आहात. तो सध्या काय करतो विचारा. अकरावी सुटली आहे का, आयटीआयला नंबर लागला नाही का, कंपनीत कंत्राटावर जातो का. वडील पाळीत असतील तर घरी रात्री कोण असतं. त्याच्याशी बोलायची वेळ आली तर पोलिसांचं नाव काढू नका. ‘मी रोज रात्री गॅलरीत उभी असते आणि मला तू दिसतोस,’ एवढं म्हणा. चौथीच्या बाईंनी आपल्याला ओळखलं, हे त्याला पुरेसं जड जाईल. कदाचित जाणारही नाही. तरी जा.

या आठवड्यात एवढं करा: बागेची पाहणी, दोन अर्ज, सहा गाडीवाल्यांची लेखी तक्रार, चौघा नगरसेवकांना एक पत्र. नगरसेवकांच्या पत्रात शेवटची ओळ अशी लिहा: ‘प्रभाग समितीच्या पुढच्या बैठकीला संबंधित पोलीस ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांना निमंत्रित करावे, सोबत जोडलेले प्रश्न त्यांना आधी पाठवावेत, आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात नोंदवावीत.’ सह्या करायला शेजारी घाबरत असतील तर पहिली सही तुमची आणि दुसरी ज्येष्ठ नागरिक संघाच्या शिक्क्याची चालेल; तिसरी आपोआप येते. पोच घेताना शिक्का आणि तारीख दोन्ही आहेत ना, हे खिडकीजवळ उभं राहूनच बघा. काय उत्तर आलं ते मला कळवा. नाही आलं, तरी किती दिवस नाही आलं ते कळवा.